आधी फाईल, मंग रिव्हेट: घरी बांधलेल्या हलक्या विमानाचं प्रमाणपत्र आणि विमा

नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या आमच्या शेडमध्ये विमानाचा पहिला रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारी खिळी, बसायचा होता. फ्लाइंग क्लबात आयुष्य काढलेले एक मेकॅनिककाका मुद्दाम बघायला आले होते. त्यांनी ड्रिलकडे पाहिलं नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याकडे पाहिलं नाही. विचारलं, "फाईल कुठी आहे?" आम्ही दोघं मित्र एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. "मंग सुरू काऊन करता, बापा? आधी फाईल, मंग रिव्हेट."

तेव्हा आम्ही हसलो. पण निरीक्षक विमान बघायला येतो तोवर पंख बंद झालेला असतो, आतलं काही दिसत नाही. विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येतो तेव्हा कधीकधी पंखच उरलेला नसतो. दोघंही वाचतात ती फाईल, आणि दोघांची फाईल एकच असते. म्हणून प्रमाणपत्र आणि विमा ही शेवटी उरकायची दोन वेगळी कामं धरू नका. पुढे सांगतो तो क्रम त्याच हिशोबानं आहे.

ब्रोशरमधलं 'लाइट स्पोर्ट'

किट, म्हणजे घरी विमान बांधायचे सुटे भाग, विकणारे 'लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट' हे शब्द मोठ्या अक्षरात छापतात. हा शब्द अमेरिकेच्या २००४ सालच्या नियमांनी रूढ केला. कमाल वजन ६०० किलो, जास्तीत जास्त दोन आसनं, एकच इंजिन, न मिटणारी चाकं, वेग १२० नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आणि स्टॉल, म्हणजे ज्या वेगाखाली पंख विमान पेलत नाहीत तो वेग, ४५ नॉटच्या आत, अशी ती चौकट. २०२५ च्या जुलैत अमेरिकेनं 'मोझेक' नावाच्या नव्या नियमांनी ती बरीच सैल केली. म्हणजे आज हाती पडणारं नवं ब्रोशर आणि पाच वर्षांपूर्वीचं ब्रोशर एकाच शब्दानं वेगवेगळ्या गोष्टी सांगत असू शकतात. आणि दोन्ही गोष्टी अमेरिकेच्या कायद्यातल्या.

आपल्याकडे १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ नं घेतली. रोजचा संबंध येतो तो १९३७ च्या विमान नियमांशी आणि डीजीसीए या देशाच्या नागरी विमान-नियामकाच्या 'सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स'शी, ज्यांना सगळे 'सीएआर' म्हणतात. कारखान्यात बनलेल्या विमानाला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या आराखड्याला मिळालेली मान्यता, असतं, त्यावरून प्रत्येक विमानाला उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र मिळतं. तुमच्या शेडमधल्या विमानाला टाइप सर्टिफिकेट नसणार. त्यामुळे त्याची वाट 'परमिट टू फ्लाय'ची, म्हणजे अटी घालून दिलेल्या उड्डाण-परवानगीची.

ही वाट चालता येते. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरात, परमिट टू फ्लाय २०१९ च्या ऑक्टोबरात. प्रदर्शनात उभं असलेलं विमान आणि परवानगीचा कागद यांत साडेतीन वर्षांहून जास्त काळ गेला. स्वतःचं वेळापत्रक मांडताना हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

पहिली दोन पत्रं

किटचे पैसे भरण्याआधी दोन पत्रं जायला हवीत.

पहिलं डीजीसीएला. कोणतं किट, किटनिर्मात्याचे कोणते आराखडे, कोणतं इंजिन, बांधणार कोण, कुठे, देखरेख कुणाची, आणि वापर फक्त स्वतःच्या हौसेसाठी, भाड्यासाठी नाही, हे त्यात स्पष्ट लिहा. बांधणीच्या कोणत्या टप्प्यावर तपासणी हवी, हे त्यांच्याकडूनच लेखी मागा. फोनवरचं "हो, होऊन जाईल" फाईलमध्ये लावता येत नाही. डीजीसीएचं बरंचसं काम आता ई-जीसीए पोर्टलवरून चालतं, पण अशा वेगळ्या प्रकरणात पोर्टलच्या ठरावीक रकान्यांत आपलं म्हणणं मावत नाही. सोबत सविस्तर पत्र जोडाच.

दुसरं पत्र विमा ब्रोकरला. इथे बहुतेक जण चुकतात, आम्हीही चुकलो. आम्ही विमान अर्धं झाल्यावर विचारलं. ब्रोकरनं पहिलाच प्रश्न टाकला, "उडवणार कोण, आणि त्या प्रकारच्या विमानावर त्याचे तास किती?" उत्तर होतं शून्य. ते दोन वर्षं आधी कळलं असतं तर तास जमवायला दोन वर्षं मिळाली असती. एजंट नको, विमानविम्याचं काम केलेला ब्रोकर गाठा. मोटारविमा विकणारा माणूस भला असतो, पण त्याच्या फॉर्मवर 'नोंदणी क्रमांक'च्या जागी 'एमएच ३१'च येतं.

बांधणीची फाईल

अमेरिकेत हौशी बांधणीसाठी '५१ टक्क्यांचा नियम' आहे: निम्म्याहून जास्त काम हौसेपोटी, शिकण्यासाठी, स्वतः केलेलं असावं. डीजीसीए तुमच्याकडे पुरावा कसाही मागो, नोंदी याच दर्जाच्या ठेवा. बांधणारा तुम्हीच आहात हे दाखवणारी दुसरी गोष्ट जगात नसते.

रोजच्या नोंदीत तारीख, किती तास, आराखड्याचा पान क्रमांक आणि काय केलं हे हवं. काय बिघडलं आणि कसं सुधारलं, हेही लिहा. चूक लपवलेली वही निरीक्षकाला लगेच ओळखू येते, कारण तीन वर्षं एकही रिव्हेट वाकडा न जाणारा माणूस अजून जन्मलेला नाही. फोटो काढताना काम करणाऱ्याचा चेहरा आणि हात दोन्ही येऊ द्या. पंखाचा वरचा पत्रा बंद करण्याआधी आतल्या प्रत्येक कप्प्याचा फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. बोल्ट, नट, पत्रे, केबल यांची बिलं आणि उत्पादकाची अनुरूपता प्रमाणपत्रं वेगळ्या कप्प्यात. गांधीबागेत दिसायला तसाच बोल्ट मिळतो, चकाकतोही जास्त. पण त्याच्या जन्माचा दाखला नसतो, आणि पंखाच्या मुख्य तुळईत तो गेला की पुढचं सगळं अडकतं.

कॉम्पोझिटचं, म्हणजे कापड आणि रेझिनच्या थरांचं, विमान असेल तर आणखी एक वही ठेवा: प्रत्येक थर लावतानाचं तापमान, आर्द्रता आणि रेझिनचा बॅच क्रमांक. नागपुरात जुलैच्या दमट हवेत काही इपॉक्सींवर चिकट, मेणचट थर धरतो. तो न धुता पुढचा थर लावला तर जोड कच्चा राहतो. आणि विमान पांढरंच रंगवा. गडद रंगाचा पंख मे महिन्यात उन्हात उभा केला की पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि साधा इपॉक्सी मऊ पडायच्या जवळ जातो. किटनिर्मात्यानं पांढरा सांगितला आणि तुम्ही संत्र्याचा रंग दिला, तर सर्व्हेअर ते वाक्य फाईलमधून नक्की काढतो.

शेडमध्ये असतानाचा विमा

किट परदेशातून येत असेल तर मालवाहतुकीचा विमा 'गोदाम ते गोदाम' घ्या आणि शेवटचं गोदाम म्हणून शेडचाच पत्ता लिहा. बंदरावर किंवा कंटेनर डेपोवर विमा संपला की शेवटच्या ट्रकमध्ये चेपलेला पत्रा तुमचा. खोका उघडताना व्हिडिओ काढा.

शेडमध्ये आल्यावर घरविमा किंवा दुकानविमा आपोआप लागू होईल असं धरून चालू नका. आत विमानाचे भाग आहेत, रेझिन आहे, थिनर आहे, वेल्डिंग होतं, हे कंपनीला लेखी कळवून विमान-प्रकल्पाची किंमत पॉलिसीत नावानं घालून घ्या. दर सहा महिन्यांनी ती वाढवा. इंजिन आलं त्या दिवशी तर नक्कीच, कारण एका दिवसात किंमत कितीतरी लाखांनी उडी मारते.

पेट्रोलचंही यातच. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना जास्तीत जास्त ३० लिटर साठवता येतं, तेही धातूच्या भांड्यात, एका भांड्यात २५ लिटरहून जास्त नाही. टाकी १०० लिटरची आहे म्हणून चार प्लॅस्टिकचे कॅन शेडमध्ये ठेवले, की आगीचा दावा तिथेच संपला. हा कायदा राबवणाऱ्या 'पेसो'चं देशाचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. नागपूरकरानं तरी अज्ञान सांगू नये.

वजन

ही पायरी सोपी वाटते म्हणून आम्ही तिथेच तोंडावर आपटलो. कळमन्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून तीन इलेक्ट्रॉनिक काटे आणले, विमान चढवलं, आकडे लिहिले. काट्यांवर वैधमापन विभागाचा चालू शिक्का नव्हता. फाईल पाहणाऱ्यांनी आकडे वाचलेसुद्धा नाहीत, शिक्क्याचा फोटो मागितला. सगळं पुन्हा करावं लागलं.

विमान आडवं-उभं समतल हवं, शेडची दारं बंद हवीत, कारण वाऱ्यानं पंख उचलला तरी आकडा खोटा येतो. इंधन रिकामं, तेल भरलेलं. समजा नाकाच्या चाकाखाली ९० किलो आणि मागच्या दोन चाकांखाली १२५-१२५ किलो आले. डेटमपासून, म्हणजे सगळी अंतरं जिथून मोजायची त्या ठरलेल्या रेषेपासून, नाकाचं चाक ०.५ मीटर, मागची चाकं २ मीटर. ९० गुणिले ०.५ म्हणजे ४५, २५० गुणिले २ म्हणजे ५००. बेरीज ५४५, भागिले एकूण वजन ३४०: गुरुत्वमध्य डेटमपासून १.६० मीटरवर. तो किटनिर्मात्यानं दिलेल्या मर्यादेत बसतो का, हे रिकाम्या विमानासाठी, एकट्या पायलटसाठी, दोघांसाठी, आणि टाकी जवळजवळ रिकामी असताना, असं प्रत्येक स्थितीत मांडा.

मग खरा हिशोब. ८५ किलोची दोन माणसं म्हणजे १७०. पेट्रोल लिटरला साधारण ०.७२ किलो, १०० लिटरचे ७२. एकूण ५८२. सहाशेच्या मर्यादेत सामानाला उरले १८ किलो. सावजीत जेवून आलेला मित्र बसवलात तर तेही नाहीत. हा तक्ता विमाकंपनीकडेही जातो. जास्त वजनानं उडालेलं विमान परमिटच्या अटीबाहेर गेलं, आणि अटीबाहेर गेलं म्हणजे पॉलिसीबाहेर.

नोंदणी आणि परमिट

नोंदणीत मालकीचा पुरावा, किटचं आणि इंजिनचं बिल, सीमाशुल्काचे कागद लागतात. 'व्हीटी' आणि पुढे तीन अक्षरं मिळतात. रेडिओ बसवलात तर त्याचा वायरलेस परवाना वेगळा, आणि ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन असेल तर तो बंगळुरूच्या इस्रोच्या मिशन कंट्रोल सेंटरकडे नोंदवायचा. न नोंदवलेला बीकन वाजला की शोधपथकाला विमान कुणाचं हेच कळत नाही.

परमिटवरच्या अटी शब्दशः वाचा. दिवसाच उड्डाण, डोळ्यांनी दिसेल अशाच हवामानात, वस्तीपासून दूर, ठरावीक धावपट्टी, ठरावीक पायलट, प्रवासी नाही: सुरुवातीला अशाच अटी असतात. त्या टाइप करून ब्रोकरला पाठवा आणि पॉलिसीचा मसुदा त्यांच्याशी ओळीओळीनं ताडून बघा. परमिटमध्ये एक धावपट्टी आणि पॉलिसीत दुसरी, असं झालं तर भांडण अपघातानंतर होतं.

विम्याची खरी गोम

विमानविम्याच्या पॉलिसी जगभर बऱ्याच अंशी लंडनच्या साच्यावर बेतलेल्या असतात. 'एव्हीएन वन सी' हा त्यातला प्रसिद्ध मसुदा. त्याचे तीन भाग: विमानाचं नुकसान, तिऱ्हाइताचं नुकसान, आत बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी. पायलटचा वैयक्तिक अपघातविमा यात नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. आयुर्विम्याच्या पॉलिसीतही हौशी उड्डाण वगळलंय का, हे घरच्यांसमोर बसून वाचा.

पैसा कमी असेल तर काय सोडायचं? माझं मत सरळ आहे. तिऱ्हाइताचा भाग कधीही नाही. आपलं विमान मोडलं तर हौस मोडली. कुणाच्या छपरावर पडलं तर घर विकावं लागतं.

विमानाची किंमत ठरवताना 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू', म्हणजे दोघांनी आधीच मान्य केलेली किंमत मागा. ती मुद्दाम कमी लावून हप्ता वाचवायचा मोह होतो. समजा विमान पुन्हा उभं करायला ४० लाख लागतील आणि तुम्ही २० लाख लावले. धावपट्टीवर नाक आपटलं, दुरुस्ती १८ लाखांची. कंपनी म्हणेल, दुरुस्तीपेक्षा पूर्ण रक्कम देणं बरं. वीस लाख हातात, आणि चांगलं इंजिन व पंखांसकट मोडीचं विमान त्यांचं. उलट किंमत फुगवली, तर खिळखिळं झालेलं विमानही ते दुरुस्तच करून देतील. बिलांची बेरीज, आयातीचा खर्च, रंग आणि बाहेरून करून घेतलेलं काम धरा. स्वतःच्या मजुरीचे तास धरायचे असतील तर वहीतून दाखवा. तो आकडा वहीशिवाय कुणी मानत नाही.

'झीज आणि बिघाड' हे कलम समजून घ्या. इंजिनमधला भाग झिजून इंजिन बंद पडलं, तर त्या इंजिनचा खर्च तुमचा. त्यामुळे विमान शेतात उतरून मोडलं, तर बाकीच्या विमानाचं नुकसान पॉलिसीत येतं.

आता सर्वात महागडी चूक. हप्ता वाचवायला लोक चाचणीच्या आधी फक्त 'जमिनीवरचा' विमा घेतात आणि जोरात टॅक्सी करून, म्हणजे विमान जमिनीवरच चाकांवर पळवून, बघतात. लंडनच्या मसुद्यात 'उड्डाण' सुरू होतं ते विमान उड्डाणासाठी पुढे सरकतं त्या क्षणी, किंवा तसा प्रयत्न सुरू होतो तेव्हा. हलकं विमान ४० नॉटवर अलगद जमीन सोडतं. नवखा पायलट घाबरून थ्रॉटल ओढतो, चाकं आपटतात. हे टॅक्सी होतं की उड्डाण? त्या वादात पडूच नका. पहिल्या जलद टॅक्सीच्या सकाळी उड्डाणाचा विमा चालू असला पाहिजे.

पॉलिसी फेब्रुवारीत चालू असेल तर गारपीटही विचारा. विदर्भात फेब्रुवारी-मार्चच्या गारा आणि मेमधला वळवाचा वारा उभ्या विमानाचं जेवढं नुकसान करतो तेवढं पायलटही करत नाही. विमान दोरांनी नीट बांधलं होतं, याचा फोटो असू द्या.

इंधन

हलक्या विमानांच्या रोटॅक्स ९१२ मालिकेच्या इंजिनांना निर्मात्यानं १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलला मान्यता दिली आहे. आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचं मिळतं. मोटारीला चालतं म्हणून विमानाला चालत नाही. नळ्या, सील आणि उन्हात वाफ धरणं, तिन्ही बाजूंनी धोका. एव्हगॅस १००-एलएल, म्हणजे विमानांसाठीचं पेट्रोल, वापरा. इंडियन ऑइल २०२२ पासून ते देशात बनवते. त्यातल्या शिशामुळे इंजिनचं तेल मात्र लवकर बदलावं लागतं. कोणत्या तारखेला कुठलं इंधन भरलं, ते लॉगबुकात हवं.

पहिल्या उड्डाणाआधी नाक चढाईच्या कोनात वर करून इंधनाचा प्रवाह मोजा. पंपानं येत असेल तर पूर्ण शक्तीच्या गरजेच्या निदान १२५ टक्के हवा. ९१२ यूएलएसला पूर्ण शक्तीवर ताशी २७ लिटर लागतात, म्हणजे ३४ लिटर यायला हवेत. घड्याळ, मापाचं भांडं आणि फोटो.

चाचणीचे दिवस

अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीनं २०१२ मध्ये घरबांधणीच्या विमानांचा अभ्यास केला. त्यात इंजिनची शक्ती जाणं आणि विमानावरचा ताबा सुटणं ही दोन कारणं सर्वात वर आली. म्हणून मी ठाम सांगतो, बांधणाऱ्यानंच पहिलं उड्डाण करावं हा हट्ट सोडा. त्याच प्रकारच्या विमानावर तास असलेला पायलट शोधा आणि त्याचं नाव पॉलिसीत घाला. विमाकंपनीही 'नामनिर्दिष्ट पायलट'च मागते. तुमचा नंबर नंतर, शिकवणीचे तास लॉगबुकात चढल्यावर.

जागा सोनेगाव, म्हणजे नागपूरचा विमानतळ, नको. प्रवासी विमानांच्या गर्दीत पहिलं उड्डाण कुणालाच नको असतं. चंद्रपूरजवळच्या मोरवा किंवा यवतमाळसारख्या धावपट्ट्या बघा, मालकाची लेखी परवानगी घ्या. विम्याची प्रत ते बहुधा मागतात.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी, वेळ सकाळ. नागपूरची उंची समुद्रसपाटीपासून ३१० मीटर, पण ४५ अंशांत हवा इतकी विरळ होते की विमानाला ती पाच हजार फुटांवरच्या हवेसारखी वाटते. साध्या इंजिनची शक्ती साधारण सातव्या हिश्श्यानं घटते. पुस्तकातली टेकऑफची लांबी मे महिन्यात खरी समजू नका. अमेरिकेत चाचणीचा टप्पा प्रमाणित इंजिन-पंख्याच्या जोडीला २५ तासांचा, नाहीतर ४० तासांचा असतो. आम्ही ४० धरलेत.

अपघात झालाच तर आधी माणसं. मग एएआयबी, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था, आणि डीजीसीएला तात्काळ कळवा. अवशेष परवानगीशिवाय हलवू नका, अगदी शेतकरी नांगरट थांबलीय म्हणून ओरडला तरी. त्यानंतर ब्रोकरला फोन, आणि मागोमाग लेखी. नुकसानीबद्दल कुणालाही कबुली देऊ नका, ती पॉलिसीत मना असते.

आणि फाईलची मूळ प्रत विमानात किंवा शेडमध्ये ठेवू नका. आमची धरमपेठेत मित्राच्या आईच्या कपाटात आहे, घरटॅक्सच्या पावत्यांखाली. दर रविवारी नवी पानं घेऊन गेलो की काकू विचारतात, "उडलं का रे?" अजून नाही. काट्यांवर शिक्का मात्र मारून आणलाय.